मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचा मोबदला आणि प्राप्तिकर

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची आहेत. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यक्तीला जी रक्कम मिळते तिच्यावर कर लागतो का, हा तो विषय. आपल्याकडच्या मृत्युपत्रांत या व्यक्तीला कोणी ‘व्यवस्थापक’ म्हणतात, कोणी ‘निष्पादक’, तर वकिलांच्या बोलण्यात सर्रास ‘एक्झिक्युटर’ हाच शब्द असतो. मी येथे ‘व्यवस्थापक’ हा शब्द वापरला आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला असला, तरी पत्रांतील व्यवहार २०२५-२६ या आर्थिक वर्षातले असल्यामुळे त्यांना १९६१ चाच अधिनियम लागू होतो आणि कलमांचे क्रमांकही त्याचेच दिले आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून इंदिरानगर येथे राहतो. माझे मित्र जून २०२५ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्रात मला व्यवस्थापक नेमले आहे. त्यातील एका परिच्छेदात ‘व्यवस्थापक म्हणून करावयाच्या कामाचा मोबदला म्हणून रु. ३,००,०००’ आणि दुसऱ्या परिच्छेदात ‘आमच्या मैत्रीची आठवण म्हणून रु. १,००,००० व माझे मनगटी घड्याळ’ मला द्यावे असे लिहिले आहे. याशिवाय वकील, जाहीर नोटीस, नकला, प्रवास यांवर मी पदरचे सुमारे ४२,००० रुपये खर्च केले होते, ते मित्राच्या खात्यातून परत घेतले. हे सर्व काम डिसेंबरपर्यंत पूर्ण झाले. मृत्युपत्राने मिळालेल्या पैशावर कर नसतो, असे मला सर्वांनी सांगितले. माझे निवृत्तिवेतन वर्षाला ६,००,००० रुपये आणि ठेवींवरील व्याज २,१०,००० रुपये आहे. विवरणपत्रात मी काय दाखवावे? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळणाऱ्या संपत्तीवर आपल्या देशात आज कर नाही, हे खरे आहे. १९५३ च्या अधिनियमाने मृत्युकर लागू झाला होता, परंतु १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंच्या बाबतीत तो रद्द करण्यात आला. पुढे विनामोबदला मिळालेल्या रकमा ५०,००० रुपयांच्या वर गेल्यास त्या उत्पन्न धराव्यात अशी तरतूद आली, जी १९६१ च्या अधिनियमात कलम ५६(२)(एक्स) मध्ये आहे. त्या तरतुदीतून मृत्युपत्राने अथवा वारसाहक्काने मिळालेल्या रकमा वगळल्या आहेत. आपल्याला ज्यांनी सल्ला दिला त्यांच्या मनात हीच सवलत असणार.

मात्र ही सवलत कोठे बसवली आहे ते नीट पाहावे लागेल. मुळात ते कलम ‘विनामोबदला’ मिळालेल्या रकमांपुरते आहे, म्हणून त्यातील सवलतही विनामोबदला मिळालेल्या रकमांचीच आहे. जी रक्कम देणाऱ्याने स्वतःच ‘कामाचा मोबदला’ म्हणून लिहून ठेवली, ती त्या कलमात शिरतच नाही, मग त्यातील सवलत तिला मिळणार कशी? ती रक्कम मृत्युपत्राच्या कागदावर लिहिलेली आहे एवढ्यावरून तिचे स्वरूप बदलत नाही. म्हणून माझ्या मते आपले ३,००,००० रुपये ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदराखाली करपात्र आहेत आणि आठवण म्हणून दिलेले १,००,००० रुपये करपात्र नाहीत. एकाच माणसाला, एकाच मृत्युपत्राने, एकाच खात्यातून मिळालेल्या या दोन रकमांची वाट वेगळी होते ती केवळ ‘मोबदला’ आणि ‘आठवण’ या दोन शब्दांमुळे. मृत्युपत्र करणारे बहुतेक जण या शब्दांकडे लक्ष देत नाहीत, आणि लिहून देणारेही जुन्या मसुद्यातला परिच्छेद उचलून नव्यात घालतात.

येथे एक बारकावा सांगतो. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम १४१ प्रमाणे, व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने काही दिले असेल, तर तिने मृत्युपत्र न्यायालयात शाबीत केल्याशिवाय किंवा व्यवस्थापक म्हणून काम करण्याचा इरादा अन्य प्रकारे दाखवल्याशिवाय तिला ते मिळत नाही. यावरून कोणी असा युक्तिवाद करील की आठवण म्हणून दिलेले लाख रुपयेही कामाशीच बांधलेले आहेत. मला तो पटत नाही. कलम १४१ देणगी घेण्याची अट घालते, देणगीचे रूपांतर मजुरीत करीत नाही, आणि आपल्या मित्राने तर दोन्ही रकमा दोन वेगळ्या परिच्छेदांत ठेवून आपला हेतू स्पष्ट केला आहे. घड्याळाचे तर काही पाहायलाच नको. ते मृत्युपत्राने मिळाले आहेच, शिवाय वस्तूंच्या बाबतीत ते कलम जमीन, इमारत, रोखे, दागदागिने, सोनेचांदी, चित्रे, शिल्पे अशा ठरावीक मालमत्तेलाच लागू होते आणि साधे मनगटी घड्याळ त्या यादीत येत नाही.

आता ४२,००० रुपयांविषयी. दुसऱ्यासाठी प्रत्यक्ष केलेला खर्च तेवढाच परत मिळाला तर ते उत्पन्न नव्हे, परंतु ‘प्रत्यक्ष’ आणि ‘तेवढाच’ हे दोन्ही शब्द कागदावर दिसले पाहिजेत. आपण पत्रासोबत खर्चाच्या वहीच्या छायाप्रती पाठवल्या आहेत त्या पाहून मला फार बरे वाटले. तारीख, कोणाला दिले, कशासाठी, रक्कम आणि पावती क्रमांक असे पाच रकाने आखून आपण ‘रिक्षा, सीबीएस ते भूमी अभिलेख कार्यालय व परत, रु. १६०’ इतकी बारीक नोंद ठेवली आहे. बँकेतली शिस्त निवृत्तीनंतरही सुटलेली नाही! फक्त ९ सप्टेंबरची ‘चहापाणी, रु. ५००’ ही नोंद मात्र मी आपल्या जागी असतो तर स्वतःच्या खिशात राहू दिली असती. तिच्यापुढचा पावतीचा रकाना कोरा आहे आणि ती कोणत्या कार्यालयातली आहे हे वाचणाऱ्याला न सांगता कळते.

कराचा आकडा काढू. नवीन करप्रणालीत निवृत्तिवेतनातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन ५,२५,००० उरतात, त्यात व्याज २,१०,००० आणि मोबदला ३,००,००० मिळवल्यास एकूण उत्पन्न १०,३५,००० रुपये होते. २०२५-२६ च्या दरांनी ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्क्यांनी २०,००० आणि त्यावरील २,३५,००० रुपयांवर १० टक्क्यांनी २३,५०० असा ४३,५०० रुपये कर येतो. मात्र एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे कलम ८७अ ची ६०,००० रुपयांपर्यंतची सूट लागू होऊन प्रत्यक्ष भरावयाचा कर शून्य होतो. म्हणजे इतका खल करून हाती शून्यच आले, असे आपण म्हणाल. तरीही मोबदल्याची रक्कम विवरणपत्रात दाखवलीच पाहिजे, कारण करपात्र असणे आणि कर भरावा लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याच वर्णनाच्या एखाद्या वाचकाचे निवृत्तिवेतन तीन लाखांनी जास्त असेल, तर सूट जाऊन त्यांना खरोखरच कर भरावा लागेल.

या मोबदल्यावर उगमस्थानी कर (टीडीएस) कापला गेलेला नसेल आणि फॉर्म २६एएस या कापलेल्या कराच्या वार्षिक विवरणात ही रक्कम दिसणार नाही. व्यावसायिक सेवांच्या रकमेतून कर कापण्याची जबाबदारी व्यक्तीवर केव्हा येते, तर आधीच्या वर्षी तिची धंद्याची उलाढाल १ कोटीच्या किंवा व्यवसायाची जमा ५० लाखांच्या वर असेल तेव्हा. निवृत्त मित्राच्या मागे राहिलेल्या ठेवींना ही अट लागू होत नाही. शिवाय येथे चेकवर सही करणारेही आपणच आणि चेक ज्याच्या नावे आहे तेही आपणच. म्हणूनच चेक लिहिण्यापूर्वी वारसांना मृत्युपत्रातील त्या परिच्छेदाचा उल्लेख असलेले साधे पत्र देऊन त्यांची पोच घ्यावी. कर आकारणीसाठी याची सक्ती नाही, परंतु पुढे कोणी वारस रुसला तर ते कामी येते.

प्रश्न : माझे मामा ऑगस्ट २०२५ मध्ये वारले. दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग, पंचवटीत भाड्याने दिलेला एक गाळा आणि मुदत ठेवी आहेत. मृत्युपत्राचा व्यवस्थापक एकटा मीच आहे. गाळा थोरल्या मामेबहिणीला आणि बाकी सर्व दोघी मामेबहिणींना समान दिले आहे. माझ्या मोबदल्याविषयी मृत्युपत्रात एक अक्षर नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून माल उतरेपर्यंत बाग मीच सांभाळली, म्हणून दोघींनी आपखुशीने मला १,५०,००० रुपये घ्यायला सांगितले आणि व्यापाऱ्याकडून आलेल्या द्राक्षांच्या पैशांतूनच मी ते घेतले. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने मला यावर कर नाही ना? आणि गाळ्याच्या भाड्यावर व ठेवींच्या व्याजावर कर कोणी भरायचा? (एक वाचक, दिंडोरी रोड)

उत्तर : शेतीचे उत्पन्न कलम १०(१) प्रमाणे करमुक्त आहे, परंतु ते ज्याला जमिनीपासून मिळते त्याच्या हातात. द्राक्षाचा पैसा बागायतदाराकडून मजुराला, ट्रॅक्टरवाल्याला, औषधाच्या दुकानदाराला आणि हिशेब लिहिणाऱ्याला जातो. त्यांपैकी कोणाचेही उत्पन्न त्यामुळे शेतीचे होत नाही, कारण त्यांच्या उत्पन्नाचा उगम जमीन नसून त्यांचे काम किंवा त्यांचा माल असतो. हा वाद फार जुना आहे. शेतीचा व्यवसाय असलेल्या एका कंपनीच्या व्यवस्थापन अभिकर्त्याला (मॅनेजिंग एजंटला) नफ्यावर कमिशन मिळत असे आणि तो नफा शेतीचा असल्याने आपले कमिशनही करमुक्त आहे असे त्याचे म्हणणे होते. मुंबई प्रांतातून गेलेल्या त्या प्रकरणात, प्रीमियर कन्स्ट्रक्शन कंपनीच्या खटल्यात, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९४८ मध्ये ते म्हणणे फेटाळले. मोबदला मोजण्यासाठी शेतीचा नफा वापरला, म्हणून मोबदला शेतीचा होत नाही. आपले दीड लाख याच न्यायाने ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ ठरतात.

मोबदला म्हणू नये, मामेबहिणींनी दिलेली भेट म्हणावे, असा सल्ला आपल्याला कोणी देण्यापूर्वीच त्याचे उत्तर देऊन ठेवतो. कायद्यातील ‘नातेवाईक’ या व्याख्येत पती-पत्नी, स्वतःची व जोडीदाराची भावंडे, आईवडिलांची भावंडे, स्वतःचे व जोडीदाराचे थेट पूर्वज व वंशज आणि या सर्वांचे जोडीदार येतात. म्हणजे मामा व्याख्येत आहेत, परंतु मामेबहीण नाही. भाऊबीजेला ती सख्ख्या बहिणीच्या मानाने ओवाळते, प्राप्तिकर अधिकारी मात्र तिला परकी धरतो. अशा व्यक्तींकडून वर्षाला एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट आली तर संपूर्ण रक्कम करपात्र होते. तेव्हा नाव बदलून काही साधणार नाही, उलट बागेवर येण्याजाण्याचा आपला खर्च मोबदल्यातून कलम ५७ खाली वजा मागता येतो, भेटीतून मागता येणार नाही.

मृत्युपत्र मोबदल्याबाबत गप्प असताना आपण बहिणींची संमती घेतली हे योग्यच केले. ती तोंडी असेल तर आता लेखी करून घ्या. वारसा अधिनियमाच्या कलम ३०९ प्रमाणे, महाप्रशासक या सरकारी अधिकाऱ्यासाठी ठरवलेल्या दरापेक्षा जास्त कमिशन व्यवस्थापकाला घेता येत नाही, म्हणून संमती नसताना स्वतःच रक्कम ठरवून ती काढून घेणे धोक्याचे असते.

भाडे व व्याजाचा प्रश्न निराळा आहे आणि तो मुख्य आहे. १ एप्रिल २०२५ पासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे मामांचे उत्पन्न मामांच्याच पॅनवर, आपण कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून, दाखवायचे आहे. त्यानंतर मालमत्तेची संपूर्ण वाटणी होईपर्यंतचे उत्पन्न कलम १६८ प्रमाणे व्यवस्थापकाच्या हातात, परंतु त्याच्या स्वतःच्या उत्पन्नात अजिबात न मिसळता, वेगळे आकारले जाते. एकच व्यवस्थापक असेल तर जणू एक व्यक्ती म्हणून आणि एकाहून अधिक असतील तर व्यक्तिसमूह म्हणून ही आकारणी होते. हा फरक किरकोळ नाही, कारण पहिल्या उत्तरात आलेली कलम ८७अ ची सूट निवासी व्यक्तीला आहे, व्यक्तिसमूहाला नाही. मालमत्तेसाठी स्वतंत्र पॅन काढावा. आयटीआर-५ या विवरणपत्राच्या नमुन्याच्या सूचनांत मृत व्यक्तीच्या मालमत्तेचा स्पष्ट उल्लेख आहे.

गाळ्याच्या बाबतीत एक सोय आहे. एखादी विशिष्ट वस्तू विशिष्ट व्यक्तीला दिलेली असेल आणि तिचे त्या वर्षाचे उत्पन्न त्याच वर्षात त्या व्यक्तीला पोचते केले असेल, तर ते मालमत्तेच्या उत्पन्नातून वगळून त्या व्यक्तीच्या उत्पन्नात धरले जाते. ३१ मार्चपूर्वी जेवढे भाडे थोरल्या बहिणीच्या खात्यात गेले असेल तेवढे तिचे, जे आपल्या ताब्यात पडून राहिले असेल ते मालमत्तेचे. बागेचे उत्पन्न स्वतः करमुक्त असले, तरी मालमत्तेचे इतर उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा जास्त असेल तर कराचा दर ठरवण्यापुरते ते मिळवावे लागते, हेही लक्षात असू द्या.

आपले दीड लाख मालमत्तेच्या उत्पन्नातून खर्च म्हणून वजा होतील का, असे आपण विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. बहुतांशी होणार नाहीत. भाड्यातून महापालिकेचा भरलेला कर, उरलेल्यावर ३० टक्के आणि कर्जाचे व्याज एवढेच वजा होते, आणि ठेवीचे व्याज मिळवण्यासाठी व्यवस्थापकाच्या श्रमाची गरज होती असे दाखवणे कठीण आहे. परिणामी ही रक्कम आपल्या हातात करपात्र राहते आणि मालमत्तेला तिचा फायदा मिळत नाही.

वाटणीची घाई मात्र करू नका. मामांच्या नावावर जुना कर बाकी असताना कायदेशीर प्रतिनिधीने मालमत्ता वाटून टाकली, तर कलम १५९ प्रमाणे वाटलेल्या मालमत्तेच्या किमतीइतकी जबाबदारी त्याच्या वैयक्तिक डोक्यावर येते. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत मृत्युपत्राने दिलेल्या देणग्या चुकत्या करण्यास व्यवस्थापक बांधील नाही, असे वारसा अधिनियमाच्या कलम ३३७ मध्ये आहे. बहिणींना घाई झाली असेल तर त्यांना हे कलम दाखवावे.

प्रश्न : मी आईची एकुलती एक मुलगी असून तिच्या मृत्युपत्राची व्यवस्थापकही मीच आहे आणि सर्व मालमत्ताही मलाच दिली आहे. ‘व्यवस्थापकाने मालमत्तेच्या किमतीच्या २ टक्के मोबदला घ्यावा’ असे मृत्युपत्रात आहे. तो घेतलाच पाहिजे का? (एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : मुळीच नाही, आणि घेऊ नये. मोबदला न घेतल्यास तेच पैसे आपल्याला वारस म्हणून करमुक्त मिळणार आहेत, घेतल्यास आपल्याच उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकताना त्यांवर कर द्यावा लागेल. मोबदला नाकारत असल्याचे एक पत्र लिहून, तारीख घालून ते मृत्युपत्राच्या प्रतीसोबत ठेवा, आणि हे रक्कम खात्यातून काढण्यापूर्वी करा. भाऊ-बहीण अनेक असते तर उत्तर इतके सोपे नसते, कारण तेव्हा मोबदल्याचा भार सर्वांच्या वाट्यावर पडतो.

प्रश्न : मी सनदी लेखापाल आहे. एका जुन्या पक्षकाराने मृत्युपत्रात मला व्यवस्थापक नेमून ४,००,००० रुपये शुल्क ठरवले होते. ते ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ दाखवले तर चालेल का? (एक वाचक, शरणपूर रोड)

उत्तर : चालणार नाही, आणि हे आपल्यालाही ठाऊक असावे. नेमणूक ज्या पेशामुळे झाली, त्या पेशाचेच ते उत्पन्न आहे. आपण कलम ४४एडीए ची अनुमानित पद्धत स्वीकारत असाल तर ही रक्कम एकूण जमेत धरावी लागेल, म्हणजे तिचा निम्मा भाग उत्पन्न धरला जाईल. ५० लाखांची मर्यादा, किंवा रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांची, मोजतानाही ती मोजावी. जीएसटी नोंदणी असल्यास १८ टक्के दराने कर आकारून मालमत्तेच्या नावे बीजक काढावे.

प्रश्न : माझा अविवाहित भाऊ अमेरिकेत न्यू जर्सी येथे वारला. त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक मी आहे आणि मालमत्ता मला व माझ्या बहिणीला निम्मी निम्मी आहे. घर व ठेवी मिळून मालमत्ता सुमारे ४,००,००० डॉलरची आहे. तिकडचे वकील म्हणतात की व्यवस्थापकाला कमिशन मिळते, पण ते घेऊ नका, कर लागेल. मी एकदा पाच आठवडे तेथे जाऊन आलो, बाकी सर्व काम नाशिकमधून केले. मी काय करावे? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : न्यू जर्सीच्या कायद्यात व्यवस्थापकाचे कमिशन ठरवून दिले आहे. मालमत्तेच्या पहिल्या २,००,००० डॉलरवर ५ टक्के, त्यापुढे १० लाख डॉलरपर्यंत ३.५ टक्के आणि त्यावर २ टक्के असे ते आहे. आपल्या बाबतीत १०,००० अधिक ७,००० असे १७,००० डॉलर होतात. हे कमिशन अमेरिकेतही घेणाऱ्याचे करपात्र उत्पन्न असते, तर मृत्युपत्राने मिळालेली संपत्ती तेथेही वारसाचे उत्पन्न धरली जात नाही.

याच सीमारेषेवरचा एक प्रसिद्ध खटला तेथे १९२३ मध्ये झाला. १९१५ साली लुसिटानिया जहाजावर बुडालेल्या आल्फ्रेड व्हँडरबिल्ट या धनाढ्याने आपल्या व्यवस्थापकांना ‘सर्व कमिशनच्या बदल्यात’ असे लिहून मोठ्या रकमा दिल्या होत्या. सरकारने त्यांवर उत्पन्नाचा कर मागितला. सर्वोच्च न्यायालयाने ती देणगीच आहे, प्रत्यक्ष केलेल्या कामाचे वेतन नव्हे, असा निर्णय दिला, कारण ती मिळवण्यासाठी प्रामाणिकपणे व्यवस्थापकपद स्वीकारणे एवढेच पुरेसे होते. इंदिरानगरच्या वाचकांनी हा निर्णय आपल्या बाजूने वापरण्याचा मोह टाळावा. तो तेथील कायद्यावरचा आहे आणि त्यांच्या मित्राने सरळ ‘कामाचा मोबदला’ असे लिहिले आहे.

आपल्या वकिलांचा सल्ला सर्वसाधारणपणे बरोबर आहे. कमिशन सोडायचे असल्यास नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत लेखी सोडावे, असा तेथील महसूल खात्याचा १९६६ चा निर्णय आहे. मुदतीत सोडल्यास त्यावर उत्पन्नाचा करही लागत नाही आणि ती रक्कम इतर वारसांना भेट दिली असेही मानले जात नाही. परंतु आपल्या बाबतीत दोन गोष्टी मला उलट दिशेला दिसतात. एक म्हणजे न्यू जर्सी राज्य भावंडांना मिळणाऱ्या वारशावर पहिले २५,००० डॉलर सोडून ११ टक्क्यांपासून वारसा कर घेते, आणि कमिशन हा मालमत्तेचा खर्च म्हणून त्या हिशेबातून वजा होतो. दुसरी म्हणजे कमिशन सोडल्यास त्यातले निम्मे आपोआप बहिणीच्या वाट्याला जाते. काम आपण एकट्याने केले असेल तर याचा विचार करण्यात गैर काही नाही, फक्त तो बहिणीशी आधी बोलून करावा.

कमिशन घेतल्यास भारतात निवासी म्हणून आपले जगभरचे उत्पन्न करपात्र असल्यामुळे ते येथील विवरणपत्रात संपूर्ण दाखवावे लागेल. अमेरिका परदेशस्थ व्यक्तीच्या श्रमाच्या उत्पन्नाचा उगम, श्रम जेथे केले तेथे धरते, म्हणून नाशिकमध्ये बसून केलेल्या कामाचा भाग त्यांच्या दृष्टीने अमेरिकेतला नाही आणि पाच आठवड्यांच्या मुक्कामातल्या कामाचा भाग आहे. कोणत्या दिवशी कोठे बसून काय केले याची तारीखवार नोंद, विमानाच्या तिकिटांसह, आजच तयार करा. तेथे कर कापला गेला तर फॉर्म ६७ भरून येथील करात त्याची वजावट मागता येते. वकिलांना मात्र आपण नेमणुकीची तारीख कळवा आणि सहा महिन्यांपैकी किती दिवस उरले आहेत ते पहिल्यांदा विचारा.